औषधांच्या चाचणीचा कारभारी

नवे औषध बाजारात येते तेव्हा ते शोधून काढणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव कधीमधी आपल्या कानी पडते. तयार करणाऱ्या कंपनीचे नाव तर वेष्टणावरच छापलेले असते. परंतु या दोहोंच्या मध्ये आणखी एक मनुष्य उभा असतो आणि त्याचे नाव मात्र कोठेच आढळत नाही. प्रयोगशाळेत गुणकारी ठरलेले औषध माणसाच्या शरीरातही गुणकारी आणि निर्धोक आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी शेकडो, प्रसंगी हजारो माणसांवर त्याची शिस्तीने चाचणी घ्यावी लागते. ही चाचणी ठरल्या रीतीने चालविणारा, पैसा देणारी कंपनी, रुग्ण पाहणारे डॉक्टर आणि परवानगी देणारे सरकार या सर्वांशी संबंध राखणारा जो कारभारी, त्याच्या व्यवसायाविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. दिल्लीच्या आसपास, विशेषतः गुरुग्राम व नोएडा येथे, या व्यवसायाच्या अनेक कचेऱ्या आहेत आणि विज्ञानाची किंवा औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतलेली आपल्याकडील मुलेमुली त्यांतून काम करताना दिसतात. त्यांच्या घरी, पुण्याला किंवा अकोल्याला, आईवडिलांना विचारले तर ‘औषधाच्या कंपनीत काहीतरी आहे’ यापलीकडे सहसा उत्तर मिळत नाही.

मी वैद्य नव्हे. सरकारी नोकरीत माझा जन्म कागद वाचण्यात चालला आहे. पण या व्यवसायाचा निम्मा भाग कागदांचाच असल्यामुळे त्याविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार मला पोहोचतो, असे मी समजतो.

चाचणीचे मूळ तत्त्व फार साधे आहे. १७४७ साली जेम्स लिंड या आरमारी डॉक्टराने स्कर्व्ही झालेले बारा खलाशी घेतले, दोघादोघांना निरनिराळे उपचार दिले आणि संत्री-लिंबे खाणारे दोघे सर्वांत लवकर बरे झाले. तुलना करावयाची, आणि ती प्रामाणिकपणे करावयाची, एवढेच ते तत्त्व. बारा खलाशी एका जहाजावर होते. त्यांना शोधीत हिंडावे लागत नव्हते. तेच तत्त्व पावणेसात हजारांवर तान्ह्या मुलांना लावावयाचे म्हटले म्हणजे कारभाऱ्याची गरज भासू लागते. हा आकडा काल्पनिक नव्हे. दिल्लीत जन्म पावलेल्या आणि महाराष्ट्रातील एका खेड्याशीही नाते असलेल्या चाचणीचा तो आहे.

१९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नवजात अर्भकांमध्ये रोटा विषाणूचा एक प्रकार आढळला. हा विषाणू मुलांना जीवघेणे जुलाब घडवितो. परंतु या अर्भकांना त्याची बाधा होऊनही जुलाब झाले नाहीत; इतकेच नव्हे तर पुढे अशा मुलांना त्या रोगाचा जोरही कमी सोसावा लागला. निसर्गाने आयतीच लस पाळण्यात आणून ठेवावी, तसा हा प्रकार होता. डॉ. महाराज किशन भान यांनी त्याचे मोल ओळखले. ‘११६ ई’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या विषाणूपासून ‘रोटावॅक’ ही लस तयार झाली. तिला परवाना मिळाला तो मात्र २०१४ साली. मधली जवळजवळ तीस वर्षे कशात गेली, हे पाहिले म्हणजे या व्यवसायाचे स्वरूप ध्यानात येते.

या कामातील भागीदारांची नुसती यादी केली तरी दम लागतो. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, लस बनविणारी हैदराबादची भारत बायोटेक, अमेरिकेतील पाथ ही संस्था, तेथील सरकारी आरोग्यसंस्था, स्टॅनफर्ड विद्यापीठ, गेट्स प्रतिष्ठान. आणि प्रत्यक्ष चाचणी घेणारी तीन केंद्रे. दिल्लीत सोसायटी फॉर अप्लाइड स्टडीज, वेल्लोरला ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय, आणि पुणे जिल्ह्यात के. ई. एम. रुग्णालय संशोधन केंद्राचे वढू येथील केंद्र. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे आपणांस परिचित असलेले वढू बुद्रुक ते हेच. चाचणीच्या शास्त्रीय बाजूचे नेतृत्व दिल्लीच्या डॉ. निता भंडारी यांच्याकडे होते.

मार्च २०११ पासून नोव्हेंबर २०१२ पर्यंत सहा-सात आठवड्यांची ६,७९९ मुले या चाचणीत घेतली गेली. ४,५३२ मुलांना लस मिळाली आणि २,२६७ मुलांना लशीसारखेच दिसणारे, परंतु लस नसलेले द्रव्य. कोणाला काय मिळाले हे आईला ठाऊक नव्हते, आणि मात्रा पाजणाऱ्यालाही नव्हते. चार चार आठवड्यांच्या अंतराने तीन मात्रा. लस शून्याखाली वीस अंशांवर गोठवून ठेवावयाची. त्यानंतर प्रत्येक कुटुंबाशी वारंवार संपर्क ठेवून मुलाला जुलाब झाले का, किती वेळा, रुग्णालयात न्यावे लागले का, याची नोंद करावयाची. आणि हे सारे मूल दोन वर्षांचे होईपर्यंत.

आता यातील अडचणी पाहा. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. माहेरी जन्मलेले मूल सहाव्या आठवड्यास नोंदले गेले आणि तिसऱ्या महिन्यात आई त्याला घेऊन सासरी गेली, तर पुढल्या मात्रा कोणी व कोठे द्यावयाच्या? दिल्लीच्या मजूरवस्तीत याहून निराळी गोष्ट घडते. पिकाच्या दिवसांत किंवा दिवाळी-छटपूजेला सबंध कुटुंबच बिहारातील गावी निघून जाते. कंपनीच्या कचेरीत बसून आखलेल्या वेळापत्रकात सासर-माहेरासाठी रकाना नसतो. तो रकाना घालावयास लावणारा मनुष्य हाच खरा कारभारी. आणि मुले हरवत गेली तर केवळ संख्या घटते असे नव्हे. जी हरवली ती कदाचित सर्वांत आजारी असतील, आणि मग उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्षच खोटा ठरतो.

याहूनही अवघड भाग म्हणजे संमती. संमतीपत्र मराठीत करावयाचे, मग दुसऱ्या कोणाकडून ते पुन्हा इंग्रजीत आणवून मुळाशी ताडून पाहावयाचे, अशी पद्धत आहे. पण भाषांतर बरोबर असूनही अर्थ चुकू शकतो. ‘नवी लस’ असे लिहिले की खेड्यातील मनुष्य समजतो, नवी म्हणजे अधिक चांगली. येथे ‘अजून पारख न झालेली’ असेच म्हणावयास हवे. ‘यादृच्छिक वाटप’ हा शब्द पंडितांनी आपल्याजवळच ठेवावा. ‘चिठ्ठ्या टाकून ठरविल्यासारखे’ म्हटले की शेतकरी क्षणात समजतो, कारण भावाभावांतील वाटण्या त्याने तशाच पाहिलेल्या असतात. आणि ‘तुमच्या मुलाला कदाचित लस मिळणारही नाही’ हे वाक्य कागदाच्या तळाशी नव्हे, तोंडाने आणि आरंभीच सांगावयाचे असते. ते ऐकून काही माणसे उठून जातात. जाऊ द्यावीत.

रोटावॅकच्या चाचणीवर एक गंभीर आक्षेप घेतला गेला, तो येथेच सांगितला पाहिजे. त्या काळी याच रोगावरील परदेशी लशी आपल्या देशात खासगी दवाखान्यांतून विकत मिळत होत्या. मग दोन हजारांवर मुलांना नुसते द्रव्य का पाजले? समर्थकांचे म्हणणे असे की, त्या लशी राष्ट्रीय कार्यक्रमात नव्हत्या, त्या महागड्या होत्या, आणि चाचणीतील सर्वच मुलांवर बारीक लक्ष व तातडीचे उपचार होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझ्या मते बाजारात दुसरी लस आहे ही गोष्ट सहीपूर्वी बापाच्या कानावर घालणे एवढे तरी अनिवार्य मानले पाहिजे. पुढचा निर्णय त्याचा. पुढे तिन्ही केंद्रांतील दुष्परिणामांचे आकडे निरनिराळे प्रसिद्ध करावेत, ही मागणीही न्यायालयापर्यंत गेली. तिला कारण होते. अशाच एका लशीमुळे काही मुलांच्या आतड्यात आतडे शिरून अडकल्याचे आढळले आणि १९९९ साली अमेरिकेत ती लस मागे घ्यावी लागली होती.

निष्कर्ष मे २०१३ मध्ये दिल्लीत जाहीर झाला. जिवावर बेतणारे रोटा विषाणूचे जुलाब लस मिळालेल्या गटात ७१ मुलांना झाले आणि न मिळालेल्या गटात ७६ मुलांना. आकडे जवळजवळ सारखेच दिसतात. पण पहिला गट दुसऱ्याच्या दुप्पट होता, हे विसरू नये. हिशेब केला असता लशीने असे निम्म्याहून अधिक आजार टाळले. निम्मे म्हणजे काही पूर्ण विजय नव्हे. परंतु एका अंदाजाप्रमाणे ज्या देशात या विषाणूने वर्षाला पाऊण लाखाहून अधिक मुले दगावत, तेथे निम्मे म्हणजे काय हे सांगावयास नको. एका मात्रेस एक डॉलर हा भाव ठरला, आणि २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात आली.

याच पाथ संस्थेचे नाव आपल्या देशात दुसऱ्या एका प्रकरणातही गाजले. २००९ साली खम्मम व वडोदरा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा उपक्रम राज्य सरकारांच्या सहकार्याने हाती घेण्यात आला. सात मुलींच्या मृत्यूची वार्ता पसरली आणि एप्रिल २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. सरकारी चौकशीत ते मृत्यू बहुधा लशीमुळे झालेले नसावेत असे आढळले. परंतु कित्येक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर अत्यंत कडक ताशेरे ओढले. संस्थेने ते मान्य केले नाहीत. लस निर्दोष असेल. भागीदारही मातब्बर होते. ज्या सहीसाठी घरोघर जावयास हवे होते ती एका टेबलावर बसून उरकली गेली, एवढ्यावरून सबंध उपक्रम बुडाला आणि त्या लशीविषयीचा संशय लोकांच्या मनात वर्षानुवर्षे राहिला.

त्यानंतर कायदा कडक झाला. २०१३ मध्ये भरपाईचे नियम आले, नैतिक समित्यांची नोंदणी सक्तीची झाली, आणि १९ मार्च २०१९ रोजी नवी औषधे व चाचण्या यांविषयीचे स्वतंत्र नियम जारी झाले. नैतिक समितीत किमान सात सभासद, त्यांत एक सामान्य नागरिक व एक स्त्री असलीच पाहिजे. निम्मे सभासद संस्थेबाहेरचे हवेत. गंभीर दुष्परिणाम घडल्यास चोवीस तासांत कळवावयाचे. हे अर्ज येतात दिल्लीच्या कोटला मार्गावरील औषध नियंत्रकांच्या कचेरीत. चाचण्यांच्या कचेऱ्या राजधानीभोवती जमण्याचे ते एक कारण असावे. दुसरे, येथील मोठी रुग्णालये.

या व्यवसायात ‘ग्राहक’ म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो पैसा देणारा प्रायोजक. त्याला खूश ठेवणे म्हणजे त्याला हवे ते सांगणे, अशी नवख्यांची समजूत असते. कंपनी विचारते, तुमच्या केंद्रात महिन्याला किती रुग्ण मिळतील? कंत्राट मिळावे म्हणून कोणी तीस सांगतो आणि सहा मिळतात. मग संख्या भरण्याची घाई सुटते, अपात्र माणसे पात्र ठरू लागतात, तारखा मागे-पुढे होतात, आणि तपासनीस मूळ कागद उघडतो तेव्हा सगळेच बाहेर पडते. ज्या कारभाऱ्याने पहिल्याच बैठकीस ‘सहा’ म्हटले असेल त्याच्याकडे ती कंपनी दुसऱ्या चाचणीसाठी पुन्हा येण्याचा संभव अधिक, कारण त्याच्या सहाचा अर्थ सहाच होतो. औषध उपयोगी ठरले नाही, हाही चाचणीचा निष्कर्षच आहे, आणि तो लवकर कळावा याच्यासाठीही प्रायोजक पैसे देतो.

या मार्गास लागू इच्छिणाऱ्या तरुणाने आरंभ रुग्णालयात करावा असे मी सुचवीन. चाचणीचा समन्वयक म्हणून दोन वर्षे रुग्णांच्या रांगेजवळ बसावे; मग निरनिराळ्या केंद्रांवर जाऊन कागद पडताळणारा तपासनीस व्हावे; प्रकल्पाची सूत्रे त्यानंतर हाती यावीत. थेट गुरुग्रामच्या काचेच्या इमारतीत बसणाऱ्यास वेळापत्रक उत्तम करता येते, परंतु वढूच्या आईने मात्रा का चुकविली याचा त्यास अंदाज येत नाही. फरीदाबादला जैवतंत्रज्ञान विभागाच्या आश्रयाने या कारभाराचे शिक्षण देण्याची व्यवस्था उभारली गेली. संख्याशास्त्राची ओळख हवीच. मराठीखेरीज चांगली हिंदी हवी, आणि इंग्रजी पत्र असे लिहिता यावे की वाचणाऱ्यास दुसऱ्यांदा वाचावे लागू नये.

आणि ज्यांना हा व्यवसाय करावयाचा नाही, परंतु ज्यांच्या घरी उद्या एखादा डॉक्टर असे संमतीपत्र पुढे ठेवील, त्यांच्यासाठी एक माहिती. भारतात होणाऱ्या चाचण्यांची एक सार्वजनिक नोंदवही दिल्लीहून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद चालविते. ती २० जुलै २००७ रोजी सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचणीची तीत आधी नोंद करणे सक्तीचे झाले. चाचणी कोणाच्या पैशाने, कोठे, किती माणसांवर होत आहे, हे तीत कोणालाही पाहता येते. सही करण्यापूर्वी तिचा नोंदणी क्रमांक मागावा. तो देण्यास कारभाऱ्याला क्षणभरही लागू नये.