कोंबड्यांचा राखणदार

धनगराचा कुत्रा मेंढ्या राखतो, हे आपण पाहतो. पण मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्या? ऑस्ट्रेलियातील वॉर्नांबूलजवळ ॲलन मार्श या शेतकऱ्याने हे काम इटलीच्या मारेम्मा कुत्र्यांना दिले. पिल्लू लहानपणीच कोंबड्यांत वाढले, की त्यांनाच आपला कळप मानते. (त्यांच्यामागे धावण्याची खोड मात्र वेळीच मोडावी लागते!) पुढे कोल्ह्याशी झटापट क्वचितच होते. कुत्र्याच्या मुताचा वास आणि भुंकणे यांमुळे कोल्हा सहसा दूरच राहतो. आम्हाला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

गावालगतच्या मिडल आयलंडवर ओहोटीच्या वेळी कोल्हे पोचत. २००५ पर्यंत तिथे दहासुद्धा पेंग्विन उरले नव्हते. २००६ मध्ये मार्श यांच्या सूचनेवरून मारेम्मा नेले आणि पेंग्विन शंभरावर गेले. २०१७ मध्ये खवळलेल्या समुद्रामुळे कुत्रे बेटावर नव्हते, तेव्हा कोल्ह्याने पुन्हा डाव साधला.