संकरित वासरांतील आनुवंशिक रोग : बीएलएडी

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या तालुक्यांत कोरडवाहू शेतीला जोडधंदा म्हणून अनेक शेतकरी संकरित गायी पाळतात. अशा गोठ्यात एखादे वासरू वरचेवर आजारी पडते, औषधाने तेवढ्यापुरते सुधारते व पुन्हा बसते. बहुतेक वेळा चीक कमी मिळणे, जंत किंवा ओला गोठा हे कारण असते. परंतु होल्स्टीन फ्रिजियन रक्ताच्या वासरात क्वचित दोष जन्मजात असतो.

रोगप्रतिकार कसा होतो?
जनावराच्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची पूरक प्रथिने असतात. जंतू शिरताच ती त्याच्या अंगाला चिकटतात. बाजारात व्यापारी विकत घेतलेल्या जनावराच्या पाठीवर रंगाची खूण करतो, तशीच ही खूण होय. पांढऱ्या पेशींवर ती खूण ओळखणारे ग्राही असतात. ग्राहीने खूण पकडली की पेशी जंतूला गिळून नष्ट करते.

दोष कोणता?
सीआर-३ हा महत्त्वाचा ग्राही सीडी-१८ या प्रथिनाशिवाय तयार होत नाही. बीएलएडी रोगात हेच प्रथिन सदोष असते. त्यामुळे पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीतून बाहेर पडता येत नाही व जंतूही नीट पकडता येत नाही. रक्तात पेशी भरपूर, पण जखमेपाशी कोणी नाही, अशी स्थिती होते. या जनुकदोषाचा शोध १९९२ मध्ये लागला.

लक्षणे
वारंवार न्यूमोनिया व हगवण, तोंडात व्रण, हिरड्या सुजणे, दात हलणे, जखम न भरणे, वाढ खुंटणे. अशी वासरे बहुधा लहानपणीच दगावतात.

प्रसार
हा रोग संसर्गजन्य नाही. वाहक जनावर निरोगी दिसते. वळू व गाय दोन्ही वाहक असल्यास प्रत्येक वेतात वासरू रोगी निपजण्याची शक्यता चारात एक असते. एका वळूच्या हजारो रेतमात्रा वापरल्या जात असल्याने वळूची तपासणी महत्त्वाची ठरते.

पशुपालकांनी काय करावे?
१. बीएलएडी तपासणी झालेल्या वळूचेच रेत वापरावे.
२. रेतकांडीवरील वळू क्रमांक वहीत लिहून ठेवावा.
३. त्याच वळूचे रेत त्याच्या कालवडीस देऊ नये.
४. गावातील तपासणी न झालेला संकरित वळू वापरू नये.
५. वासरास जन्मल्यावर तासाभरात चीक पाजावा.
६. वासरू वारंवार आजारी पडल्यास पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्यावे.

या रोगावर खात्रीचा इलाज नाही. मात्र रेतकांडी निवडताना घेतलेली काळजी पुढील नुकसान टाळते.