एका वक्त्याचा उदय आणि अस्त

कोलंबिया म्हटलं की आपल्याला कॉफी आठवते, नाहीतर अमली पदार्थांच्या टोळ्या. मला मात्र तिथल्या एका इंजिनिअरबद्दल बोलायचं आहे. त्याने पूल बांधण्याऐवजी भाषणं केली, आणि त्या भाषणांची किंमत खेड्यापाड्यांनी मोजली. त्याचं नाव लाउरेआनो गोमेझ.

गोमेझचा जन्म १८८९चा, बोगोटातला. त्या काळी कोलंबियात पक्ष जन्मानेच मिळे. निळा रंग पुराणमतवाद्यांचा, तांबडा उदारमतवाद्यांचा. बाप निळा तर मुलगाही निळा. निळे चर्चच्या बाजूचे. तांबड्यांना चर्चची सत्ता आवरायची होती. गोमेझ कडवा निळा. त्याची जीभ इतकी धारदार की लोक त्याला ‘राक्षस’ म्हणत. मित्र कौतुकाने, शत्रू धास्तीने. १९२१मध्ये राष्ट्राध्यक्ष सुआरेझ यांनी अडचणीपायी आपला पगार आगाऊ विकल्याचं त्याने संसदेत उघड केलं, आणि त्यांना पद सोडावं लागलं. सुआरेझ त्याच्याच पक्षाचे होते, हे विशेष.

१९३०मध्ये निळ्यांनी दोन उमेदवार उभे केले आणि सत्ता घालवली. गोमेझने १९३६मध्ये ‘एल सिग्लो’ हे दैनिक काढलं आणि तांबड्यांवर तोफ डागत राहिला. तांबड्यांकडे १८ लाख खोटी ओळखपत्रं आहेत, असं तो पुढे सांगू लागला. एकदा हे मनात ठसलं की समोरचा माणूस विरोधक राहत नाही, चोर ठरतो. आणि चोराशी कोण वाटाघाटी करतो?

१९४६मध्ये फूट तांबड्यांत पडली आणि निळे सत्तेवर आले. गोमेझ परराष्ट्रमंत्री असताना, ९ एप्रिल १९४८ रोजी तांबड्यांचे लोकप्रिय नेते गायतान यांचा बोगोटात भररस्त्यात खून झाला. जमावाने शहर पेटवलं, ‘एल सिग्लो’ची इमारतही जाळली. गोमेझ स्पेनला निघून गेला. १९४९मध्ये परतल्यावर त्याने तांबड्या पक्षाची तुलना दंतकथेतल्या एका अक्राळविक्राळ प्राण्याशी केली. त्याचं डोकं लहान, पण कम्युनिस्ट, असं त्याचं म्हणणं. हिंसाचारामुळे तांबड्यांनी निवडणुकीतून अंग काढून घेतलं, आणि गोमेझ बिनविरोध राष्ट्राध्यक्ष झाला.

ऑगस्ट १९५०मध्ये त्याने शपथ घेतली. कोरियाच्या युद्धात पायदळ पाठवणारा लॅटिन अमेरिकेतला एकमेव देश कोलंबिया, तो याच्याच काळात. घरात मात्र गावंच्या गावं एकमेकांवर उठली होती. त्या पर्वाला तिथे नुसतं ‘हिंसा’ म्हणतात. त्यात सुमारे दोन लाख माणसं मेली असं मानलं जातं.

१९५१च्या अखेरीस हृदयविकारामुळे त्याने कारभार दुसऱ्याकडे सोपवला. १३ जून १९५३ रोजी तो पुन्हा खुर्चीत बसला, तो सेनापती रोहास पिनिया यांना बडतर्फ करण्यासाठी. काही तासांतच रोहास यांनी त्यालाच पदच्युत केलं. या बंडामागे तांबडे होतेच, पण निळ्यांतला मोठा गटही होता. ज्या फुटीने एके काळी पक्ष बुडवला होता, तिनेच आता त्याला बुडवलं. पुन्हा स्पेन.

गोष्ट इथे संपत नाही. १९५६मध्ये तांबड्यांचे नेते अल्बेर्तो येरास त्याला भेटायला स्पेनमध्ये बेनिडॉर्मला गेले, आणि दोघांनी लष्करशाहीविरुद्ध हात मिळवले. पुढे ठरलं, की दोन्ही पक्षांनी राष्ट्राध्यक्षपद आलटून पालटून घ्यायचं आणि इतर पदं निम्मी निम्मी वाटायची. डिसेंबर १९५७च्या सार्वमताने या वाटणीच्या मुख्य कलमांना मान्यता दिली. स्त्रियांनी देशपातळीवर पहिल्यांदा मत दिलं ते तेव्हाच. १९५८मध्ये सिनेटचा अध्यक्ष म्हणून गोमेझनेच येरास यांना राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. १९६५मध्ये तो वारला.

रक्तपात ओसरला, हे या कराराचं मोठं यश. पण दोघांनी पंगत वाटून घेतली, तेव्हा तिसऱ्याला पान उरलं नाही. १९६०च्या दशकात डोंगरात ज्या गनिमी संघटना उभ्या राहिल्या, त्यांच्या वाढीचं हे एक कारण मानलं जातं. त्यांतल्या सर्वांत मोठ्या संघटनेशी समझोता व्हायला २०१६ साल उजाडलं.

मला या माणसाकडे पाहताना एकच वाटतं. विरोधकाला माणूस म्हणून भेटायला त्याला सत्ता गमवावी लागली, आणि ती भेट झाली तोवर खेड्यांतल्या हजारो घरांतले दिवे विझले होते.