छातीत धडधड का होते?

भीतीविषयी बोलताना मराठी माणूस मनाचे नाव फारसे घेत नाही. तो शरीराचे नाव घेतो. पोटात गोळा आला, काळजात धस्स झाले, तोंडचे पाणी पळाले, हातपाय गार पडले, दरदरून घाम फुटला, अंगावर काटा उभा राहिला. आमच्या खासबागेत एका घरात मराठी तर शेजारच्या घरात कन्नड, आणि कन्नडातही हाच प्रकार. ‘एदे झल्लेंदितु’ म्हणजे छातीत चर्र झाले. ‘कैकालु नडुगिदवु’ म्हणजे हातपाय लटपटले. ‘जीव बायिगे बंतु’ म्हणजे जीव तोंडाशी आला. भीती अंगात घडते हे दोन्ही भाषांतल्या आज्यांना ठाऊक होते. आणि तरीही सोळा वर्षांच्या एखाद्या मुलाची छाती खरोखरच धडधडू लागली, की आपण त्याला ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’ म्हणून वाटेला लावतो. प्रस्तुत लेख या ‘काही नाही’विषयी आहे.

स्वतःचे उदाहरण देतो, कारण दुसऱ्याचे देण्याचा मला अधिकार नाही. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो आणि पी. यू. सी.च्या पहिल्या वर्षाला कॉमर्स घेतले. एका दिवसात सगळे विषय इंग्रजी झाले. चंदगडच्या मामेभावाने महाराष्ट्र बोर्डाचे जुने मराठी पुस्तक दिले होते, त्यामुळे ‘घसारा’ मला नीट समजला होता. समजायला वेळही लागला नाही. आमच्या घरी माग आहे, आणि यंत्र दरवर्षी थोडे थोडे झिजते हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पण वर्गात उभे करून ‘डिप्रिसिएशन’ विचारले की जीभ टाळूला चिकटायची. उत्तर येत असूनही ते देता येत नाही, ही अवस्था ज्यांनी भोगली आहे त्यांना अधिक सांगायला नको.

वार्षिक परीक्षेला अकाउंट्सच्या पेपराची घंटा झाली आणि प्रश्नपत्रिका हातात आली. पहिला प्रश्न वाचतो न वाचतो तोच छाती इतक्या जोरात उडू लागली की बाकावरच्या मुलाला ती ऐकू जात असेल असे वाटले. श्वास पुरेना. बोटांना मुंग्या आल्या, मग ओठांनाही. उजव्या हाताची बोटे आपोआप आत वळली आणि पेन खाली पडले. समोरचे सर काचेपलीकडे उभे असल्यासारखे दिसू लागले. मी आता मरतो, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. रिक्षातून दवाखान्यात नेले, ई. सी. जी. काढला. तोवर सगळे ओसरलेही होते. कागदाची पट्टी पाहून तिथल्या डॉक्टरांनी वडिलांना सांगितले, “काही नाही झालेलं याला. अभ्यास केला नसेल.” घरी आईने मीठमोहऱ्या उतरल्या. एक मित्र म्हणाला, “ह्याला धारवाडला नेऊन घाला.” आपल्याकडे या वाक्याचा अर्थ काय होतो हे वाचकांना माहीत आहे.

मला त्या डॉक्टरांचा राग नाही. हृदय ठीक आहे हे त्यांनी अचूक सांगितले. पण जे घडले ते काय होते, हे कोणीच सांगितले नाही. पुढचे सहा महिने मी जिना चढताना नाडी मोजत असे. चन्नम्मा चौकाकडे जाणाऱ्या गर्दीच्या बसमध्ये चढणे सोडले. रात्री लाइट जाऊन माग थांबले, की त्या शांततेत स्वतःच्या छातीचा ठोका ऐकू येई आणि झोप उडे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हार्वर्डमधील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजराच्या पोटातील हालचाली पाहत होते. मांजर बिथरले की त्याच्या जठराची हालचाल बंद पडते, असे त्यांच्या ध्यानात आले. पचनाचा अभ्यास करायला निघालेला हा माणूस त्यामुळे भीतीच्या अभ्यासाकडे वळला आणि १९१५ साली त्याने भय, क्रोध, भूक व वेदना यांनी शरीरात होणाऱ्या बदलांवर ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: संकट दिसले की प्राण्याने एक तर लढावे किंवा पळावे, यासाठी शरीर क्षणात सज्ज होते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. मज्जातंतूही थेट हृदयाला इशारा देतात.

कॉमर्सच्या विद्यार्थ्याला हे युद्धकाळातील अंदाजपत्रकासारखे वाटेल. संरक्षणखात्याची तरतूद वाढते, बाकीच्या खात्यांना कात्री लागते. मोठ्या स्नायूंना रक्त हवे, म्हणून हृदय वेगाने धावते, ती धडधड. त्वचेकडचे रक्त आखडते. म्हणून हातपाय गार. पळताना अंग तापेल, म्हणून आधीच घाम. पचनाचे काम तहकूब, त्यामुळे लाळ आटते आणि पोटात तो प्रसिद्ध गोळा येतो. परीक्षेआधी मुले पुन्हा पुन्हा शौचालयाकडे का धावतात, तेही यातच आले. केसांच्या मुळाशी असलेले चिमुकले स्नायू आवळतात आणि अंगावर काटा येतो. म्हणजे आपले सारे वाक्प्रचार शरीरशास्त्राच्या कसोटीला उतरतात! अडचण एवढीच की परीक्षेच्या हॉलमध्ये लढायला कोणी नसते आणि पळायची सोय नसते. सज्ज झालेले सैन्य बाकावर बसून राहते.

बोटांच्या मुंग्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती मला सर्वांत उपयोगी पडली. घाबरलेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो. त्याने प्राणवायू कमी पडत नाही. उलट कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो कमी झाला की रक्त किंचित अल्कधर्मी बनते, त्यातले मोकळे कॅल्शियम घटते आणि मज्जातंतू चुरचुरू लागतात. म्हणून बोटांना व ओठांना मुंग्या येतात आणि फारच झाले तर पंजा वळतो. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही थोड्या आकसतात. म्हणून गरगरते आणि आजूबाजूचे जग खोटे, दूर गेल्यासारखे भासते. श्वास जास्त होत असताना तो कमी पडतोय असे वाटते, हा यातला मोठा चकवा. भोवती जमलेली भली माणसे अशा वेळी काय सांगतात? “जोरात श्वास घे, जोरात!” सल्ला प्रेमाचा, परिणाम नेमका उलटा. श्वास घेण्यापेक्षा तो सावकाश सोडणे महत्त्वाचे: नाकाने चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. पूर्वी तोंडाला कागदी पिशवी लावत. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर ती घातक ठरू शकते, म्हणून आता तसे करू नये असे सांगतात.

‘पॅनिक’ हा शब्द मी प्रथम वाचला तो वैद्यकाच्या नव्हे, अर्थशास्त्राच्या पुस्तकात. १९०७ साली अमेरिकेत ठेवीदार घाबरून बँकांसमोर रांगा लावू लागले, त्याला ‘पॅनिक’ म्हणतात. एखादी बँक सुस्थितीत असते. कोणीतरी कुजबुजतो. चार माणसे पैसे काढायला येतात. ती रांग पाहून चाळीस येतात, आणि रांगच बँक बुडत असल्याचा पुरावा ठरते. डेव्हिड क्लार्क या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली पॅनिक अ‍ॅटॅकची जी उपपत्ती मांडली ती जवळजवळ अशीच आहे. छातीत जरा धडधडते, मन म्हणते, हा हार्ट अ‍ॅटॅक, त्या विचाराने आणखी अ‍ॅड्रेनलिन सुटते, धडधड वाढते, मन म्हणते, बघ, मी म्हटले नव्हते? काही मिनिटांत हे शिखरावर पोहोचते. आणि मग उतरते, कारण अ‍ॅड्रेनलिन रक्तात फार वेळ टिकत नाही. हे उतरणे ठरलेलेच आहे, पण आत असताना ते कोणाला पटत नाही. आपल्या देशात १९६२पासून ठेवींना विमा आहे. पैसा कुठे जात नाही हे माहीत असलेला ठेवीदार रांगेत कमी धावतो. ज्ञानाचा उपयोग इथेही तेवढाच: धडधड थांबत नाही, रांग वाढत नाही.

भित्री माणसेच याला बळी पडतात असा एक समज आहे. जेकब द कोस्टा या डॉक्टरने १८७१ साली अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांविषयी लिहिले. छातीत धडधड, धाप, दुखणे, आणि तपासले तर पुष्कळांच्या हृदयात दोष सापडत नव्हता. तोफांसमोर उभी राहिलेली माणसे ती. त्यांना भित्रे कोण म्हणणार? १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात या विकाराला स्वतंत्र नाव मिळाले. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. ऐंशी मुलांच्या वर्गात हिशेब मांडला तर पाच-सहा जण. अर्थात हे सगळे पॅनिकचे रुग्ण नव्हेत. आणि एकदोनदा अ‍ॅटॅक येऊन गेला म्हणजे विकार जडला असेही नव्हे. तो पुन्हा येईल या धास्तीने माणूस बस, बाजार, वर्ग टाळू लागतो, तेव्हा विकाराची सुरुवात होते.

इथे एक सावधगिरी. सगळीच धडधड भीतीची नसते. रक्तात हिमोग्लोबिन कमी असणे (आपल्याकडच्या मुलींत हे फार), थायरॉइड वाढणे, दमा, हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड, यांतूनही हाच अनुभव येतो. पळताना-खेळताना शुद्ध हरपली किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर मनावर ढकलून मोकळे होऊ नये. पहिल्यांदा असे झाले की डॉक्टरांना दाखवावेच. आणि रात्रभर जागून, उपाशीपोटी चार कप चहा घेऊन पेपराला बसणाऱ्यांनी स्वतःच्या हृदयाला दोष देण्यापूर्वी त्या कपांचाही हिशेब धरावा.

तपासणीत सारे ठीक निघाले, तरी काम संपत नाही. ते तिथून सुरू होते. मला एका सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी खुर्चीत बसवून मुद्दाम एक मिनिट भराभर श्वास घ्यायला लावला. तिसाव्या सेकंदाला बोटांना मुंग्या आल्या. त्या म्हणाल्या, “आता सांग, हृदय बिघडलं का?” चार वर्षांत कोणत्याही पुस्तकाने माझे इतके समाधान केले नाही. त्यानंतर आठवडाभर एक थांबा, मग दोन थांबे, असे करत त्यांनी मला पुन्हा बसमध्ये बसवले. काहींना गोळ्याही लागतात. त्या डॉक्टरांनी द्याव्यात, मेडिकल दुकानदाराने नव्हे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तो दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत आणि आपल्या भाषेत बोलता येते. आणि धारवाडची ती संस्था, जिच्या नावाने आपण विनोद करतो, तिथे वेड्यांना डांबत नाहीत. तिथे डॉक्टर आहेत, बाह्यरुग्ण विभाग आहे; सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतता येते.

गेल्या सत्रात इंटर्नल परीक्षेच्या सकाळी कन्नड विभागातली एक मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून हुंदके दिल्यासारखा श्वास घेत होती. भोवती पाचसहा जणी. कोणी पाणी आणत होते, कोणी वहीने वारा घालत होते, आणि एकजण सारखी म्हणत होती, “एनू इल्ला, एनू इल्ला.” काही नाही, काही नाही. मी दोन पायऱ्या खाली बसलो. “भीती वाटतेय ती खरी आहे, पण ही उतरते, पाच-दहा मिनिटं लागतात,” एवढे मला जमेल त्या कन्नडात सांगितले आणि मोजायला लागलो. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. मग सोडताना आरुपर्यंत. दोनदा माझाच आकडा चुकला. तिने रडता रडता तो दुरुस्त केला.

घंटा झाली तेव्हा ती उठली. हात अजून थरथरत होते, ओढणीला पुसून तिने हॉल तिकीट घेतले आणि आत गेली.