वाळलेल्या भोपळ्यातील चिमणीचे घर

बियाण्यासाठी वेलीवर राखलेला दुधी भोपळा पूर्ण वाळला की त्याचे कवच लाकडासारखे टणक होते. बी काढून घेतल्यावर हे कवच बहुधा उकिरड्यावर जाते. त्यातून चिमणीसाठी उत्तम घर तयार होते आणि खर्च जवळजवळ शून्य असतो.

चिमणी, दयाळ, साळुंकी हे पक्षी ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात अंडी घालतात. परंतु ढोली कोरणे त्यांना साधत नाही. तांबट व सुतारपक्ष्याने सोडलेल्या ढोल्या आणि कौलारू घरांच्या वळचणी हाच त्यांचा आसरा होता. बांधावरची जुनी झाडे तुटली, घरांवर स्लॅब आले आणि हा आसरा आक्रसला. सुगरण व बुलबुल मात्र स्वतः घरटे विणतात, त्यांच्यासाठी असे घर टांगणे व्यर्थ आहे.

चिमण्या कणसांवर बसतात, ही शेतकऱ्यांची तक्रार खरीच आहे. तथापि पिल्लांना सुरुवातीच्या दिवसांत चिमणी मुख्यतः अळ्या व मऊ कीटक भरवते, आणि वर्षात एकाहून अधिक वेळा वीण होते. नफातोट्याचा हिशेब मांडताना ही बाजूही धरावी.

सुमारे १५ सेंमी रुंदीचा, हलवल्यावर आत बी खुळखुळणारा भोपळा निवडावा. मागील बाजूस तळहाताएवढे झाकण कापून आतील गर खरवडावा. त्याची धूळ नाकात जाते, तेव्हा तोंडाला फडके बांधणे बरे. पुढील बाजूस ३.२ सेंमी व्यासाचे गोल प्रवेशद्वार कोरावे. हे माप काटेकोर पाळावे. भोक ५ सेंमी झाले की साळुंकी घर बळकावते. द्वाराची खालची कड तळापासून किमान १० सेंमी उंच ठेवावी, म्हणजे मांजराचा पंजा पिल्लांपर्यंत सहज पोहोचत नाही. तळाशी पाणी निथळण्यासाठी चार-पाच आणि मानेखाली हवेसाठी दोन बारीक छिद्रे पाडावीत. शेवटी झाकण काथ्याने बसवावे. नायलॉनचा दोरा वापरू नये, त्यात पिल्लांचे पाय गुंततात. दारासमोर बसण्यासाठी काडी लावण्याची हौस अनेकांना असते. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याची मात्र सोय होते. रंग व वार्निशही टाळावे.

घर अडीच ते तीन मीटर उंचीवर, छपराच्या सावलीत, वाशाला घट्ट बांधावे. ते झुलता कामा नये. पश्चिमेकडील ऊन व पावसाचा मारा टाळण्यासाठी दाराचे तोंड पूर्वेस किंवा उत्तरेस असावे. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात मापांइतकाच भर जवळच्या पिकावरील फवारणीवर द्यावा. घरात पिल्ले असताना विषारी अळी चोचीतून थेट त्यांच्या पोटात जाते.

अंडी उबण्यास साधारण दोन आठवडे आणि पिल्ले उडून जाण्यास आणखी दोन आठवडे लागतात. तोवर झाकण उघडू नये. पिल्ले उडाल्यानंतर जुने गवत काढून घर एक दिवस उन्हात ठेवावे व पुन्हा त्याच जागी बांधावे.