गोचिडांवर हिरवी बुरशी

उसातल्या हुमणीसाठी आपण शेतात घालतो ती मेटारायझियम बुरशी गोचिडांनाही मारते! बीजाणू अंगाला नुसता चिकटला तरी पुरे. तो तिथेच रुजतो, विकरांनी कवच विरघळवत आत शिरतो. काही दिवसांत गोचीड मरतो आणि हवा दमट असेल तर त्याच्यावर हिरवा थर चढतो. विष पोटात जावंच लागत नाही, हे मला फार विलक्षण वाटतं. १८७९ साली शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी ओडेसात गव्हावरच्या भुंगेऱ्यांवर या बुरशीचा अभ्यास केला होता.

सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाला दाद न देणारे गोचीडही हिला बळी पडतात. मात्र कडक उन्हात बीजाणू टिकत नाहीत, जनावराच्या गरम कातडीवरही बुरशी मंदावते. म्हणून फवारताना गोठा सोडू नका: भिंतींच्या फटी, गव्हाणीखालची माती. एकेक मादी तिथे दोन-तीन हजार अंडी घालते. फवारणी संध्याकाळीच करा.