कीटकभक्षी वनस्पतींच्या माळावर

वैशाखाच्या उन्हात परभणीची काळी जमीन भेगाळून पडलेली असताना दलदलीत उगवणाऱ्या वनस्पतींविषयी बोलणे अवेळीचे वाटेल. परंतु हा विषय शेवटी जमिनीचाच आहे, आणि जमीन म्हणजे काय हे कापूस-ज्वारीच्या या मुलखात कोणी शिकवावे लागत नाही.

आपला शेतकरी तूर किंवा हरभरा घेतो, तेव्हा त्या पिकाच्या मुळांवर बारीक गाठी येतात. त्या गाठींतील जीवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. नत्राशिवाय कोणतीही वनस्पती वाढत नाही. मग जेथे जमिनीत नत्र जवळजवळ नाही आणि मुळांवर गाठीही नाहीत, तेथे वनस्पतीने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर साताऱ्याच्या पश्चिमेस, सुमारे 1200 मीटर उंचीवर, कासच्या पठारावर पाहावयास मिळते.

हे पठार जांभ्या खडकाचे आहे. खडकावर मातीचा थर काही बोटांचा, कोठे तोही नाही. पावसाळ्यात पाणी खडकात जिरत नाही, म्हणून खोलगट जागी दलदल होते. आणि धो धो कोसळणारा पाऊस मातीतील क्षार धुऊन नेतो. अशा दरिद्री जमिनीत 'दवबिंदू' नावाची इवलीशी वनस्पती उगवते. तिची एक जात जमिनीला चिकटून पानांचे चक्र मांडते, तर दुसरी बारीक पाने घेऊन उभी वाढते. पानांवरील तांबूस केसांच्या टोकाशी चिकट थेंब चमकत असतात. ते दव समजून चिलट बसते आणि अडकते. मग शेजारचे केस त्याच्यावर वाकतात, पाचक रस सुटतो, आणि विरघळलेला नत्रयुक्त भाग पान शोषून घेते.

तिच्या शेजारीच निळ्याजांभळ्या फुलांचा गालिचा पसरलेला असतो. ही 'सीतेची आसवे'. नाव इतके करुण, पण तिला खरी मुळेच नसतात आणि ओल्या मातीत दडलेल्या तंतूंवर सूक्ष्म पिशव्या असतात. पिशवीतील पाणी ही वनस्पती आधीच बाहेर टाकून ठेवते. दाराजवळच्या केसाला एखाद्या सूक्ष्म जलचराचा धक्का लागला, की दार उघडते आणि पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो. हे सारे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात घडते!

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या वनस्पती मांसावर जगत नाहीत. त्यांची पाने हिरवी आहेत. इतर झाडांप्रमाणेच त्या सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करतात. कीटक हे त्यांचे अन्न नव्हे, खत आहे. चार्ल्स डार्विनने 1875 साली या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. तीन वर्षांनी त्याचा मुलगा फ्रान्सिस याने दाखवून दिले, की मांसाचे कण दिलेल्या दवबिंदूंना न दिलेल्यांपेक्षा पुष्कळ अधिक बी धरते.

मग कोणी म्हणेल, या माळावर चार गाड्या शेणखत टाकले तर? तर गवत माजेल आणि दवबिंदू त्याच्या सावलीत नाहीसा होईल. दारिद्र्य हेच त्याचे संरक्षण आहे.

अमेरिकेत ओहायो राज्यात 1830 च्या सुमारास कालव्यासाठी जलाशय भरला, तेव्हा दलदलीतील शेवाळाचा थर सुटून वर आला आणि तरंगते बेट झाले. त्यावरही दवबिंदूच्या जातभाई आहेत. तेथे पाय मातीवर ठेवायचा नाही. फळ्यांच्या वाटेवरूनच चालायचे. तरीही ते बेट वर्षानुवर्षे आक्रसत आहे, कारण भोवतालचे पाणी त्या शेवाळाला मानवत नाही.

कासचे पठारही एका अर्थी बेटच आहे. खाली उतरले की तो खडक नाही आणि ती फुलेही नाहीत. 2012 साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशात स्थान मिळाले, त्यांत कास आहे. तेव्हापासून फुलांच्या दिवसांत तेथे गर्दी लोटते. यांतील अनेक वनस्पती एकाच पावसाळ्याच्या. त्यांचे बी पुढचे आठ महिने त्या बोटभर मातीतच निजलेले असते. छायाचित्रासाठी वाट सोडून टाकलेले एक पाऊल ओली माती दाबून टाकते आणि पुढील वर्षाचे बीही तुडवते.

सात-बाऱ्याच्या भाषेत अशा जमिनीला आपण 'पोटखराब' म्हणतो. जिच्यात पीक येत नाही ती खराब, हा हिशेब शेतकऱ्याच्या पोटासाठी खराच आहे. परंतु निसर्गाच्या वहीत तो हिशेब निराळा मांडलेला असतो. येत्या भाद्रपदात आपल्यापैकी कोणी त्या माळावर गेला, तर त्याने आखलेल्या वाटेवरूनच चालावे, कडेला बसावे आणि एका दवबिंदूकडे निवांत पाहावे. पाहण्यासाठी वाट सोडण्याची गरज पडत नाही.